पडीताची वही : उमरेड रोडवरचा एक पावसाळा

८ जून २०२५, रविवार

मृग लागला. आभाळात ढगाचा ठिपका नाही. दुपारी तीनला व्हरांड्यातल्या थर्मामीटरवर ४३.

ही वही कालच्या बैठकीमुळे सुरू होते आहे, म्हणून आधी तेच. आमच्या हस्तकला केंद्राची जागा साडेसहा एकर. मातीकामाची शेड, मागाची खोली, सुतारकामाचा मांडव, स्वयंपाकघर, पाहुण्यांच्या चार खोल्या, एक एकर भाजी आणि रंगाची बाग. उरलेल्यातले दोन एकर म्हणजे पडीत. पूर्वी तिथे कपाशी व्हायची. गेली दहा वर्षं नांगर लागलेला नाही. गवत वाढतं, वाळतं, कोणी ना कोणी नेतं. विश्वस्तांपैकी एकांनी काल सुचवलं की तिथे लॉन करावं. नागपूरकराला लॉन म्हणजे काय ते सांगायला नको : हिरवळ थोडी, मंडप फार. सीझनला पंधरा लग्नं लागली तरी वर्षाची वीज आणि पगार निघतात, असं त्यांचं गणित. गणित चुकीचं नाही, हीच अडचण आहे.

मी एक पावसाळा मागून घेतला. “त्या जागेचा केंद्राला काय उपयोग ते लिहून दाखवा,” असं ठरलं. तर लिहिते.

पहिली नोंद टिटवीची. काल कागदावर जिथे स्टेज आखलं होतं, जवळपास तिथेच तिची चार अंडी आहेत. घरटं म्हणावं असं काही नाही, दोन ढेकळांच्या मधला खळगा. ती डोक्यावर येऊन ओरडली म्हणून दिसली, नाहीतर पाय पडला असता. माळीकाका म्हणाले, “यंदा उंचावर घातली जी. पाणी चांगलं हाय.” मागच्या साली खोलगट जागी घातली होती आणि तरी पाणी चांगलंच झालं होतं, हे मी बोलले नाही.

जमिनीच्या भेगांत कोपरापर्यंत हात जातो.

११ जून

मातीकामाच्या शेडवरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरून झाले. १४० फुटके निघाले. सगळी वानरांची कृपा.

शेडच्या पश्चिमेच्या भिंतीची भेग यंदाही बुजवायची नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि आमचा पाया तिच्या मानाने उथळ. पावसाळ्यात ही भेग आपसूक मिटते, नोव्हेंबरपासून परत उघडायला लागते. बांधणाऱ्या ठेकेदाराला दोनदा बोलावलं होतं. दोन्ही वेळा तो ती मिटलेली असताना आला.

१७ जून

रात्री दीडला आला. आधी वारा, मग कवेलूंवर खडे टाकल्यासारखे थेंब, मग एकदम धार. सगळे उठून व्हरांड्यात. मावशींनी कोणी न सांगता चहा ठेवला.

सकाळी मागाच्या खोलीत बाबाजी खुशीत. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी की सुती ताणा ठिसूळ होतो आणि पट्पट् तुटतो. खड्डामाग त्यासाठीच असतो : विणणारा खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबतो, ताणा जमिनीलगत राहतो आणि जमिनीची ओल सुताला मिळते. मे महिनाभर बाबाजी मागाखाली ओलं पोतं टाकून ठेवत. आज त्यांनी ते काढून बाहेर फेकलं. “आता चार महिने सूत माह्यं ऐकन,” म्हणाले. खळ मात्र आता लवकर वाळणार नाही, ती कुरकुर पुढच्या आठवड्यात सुरू होईल.

कुंभारभाऊंचं उलट. त्यांनी उरलेला गाळ प्लास्टिकखाली झाकला, चाक भिंतीला टेकवलं आणि धानाच्या रोवणीला जायची सुट्टी मागितली. ओली हवा, ओल्या गोवऱ्या. दिवाळीपर्यंत आवा, म्हणजे भांडी भाजायची भट्टी, लागायचा नाही. एकाच छपराखाली एकाचा हंगाम उघडतो आणि दुसऱ्याचा मिटतो, हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. शाळेत चित्रकला शिकवताना वर्षभर तोच तास, तोच फळा.

२१ जून

पडीतात तरोटा, म्हणजे टाकळा, दोन-चार पानांवर आला. मावशी दोघी बायकांना घेऊन गेल्या आणि ओटीभर कोवळा पाला खुडून आणला. उकडून, पिळून, भिजवलेल्या तुरीच्या डाळीबरोबर लसूण आणि भिवापुरी मिरचीवर परतला. सोबत भाकर. आज शनिवारच्या कार्यशाळेला शहरातून आलेल्या बायकांनी तीन-तीनदा वाढून घेतला आणि जाताना बी कुठे मिळतं ते विचारलं. मावशी हसत सुटल्या. “बी कायचं जी, तुमच्या नालीच्या काठालेही असन.”

दुपारी गाजरगवत उपटलं. हातमोजे सगळ्यांना, कारण मागच्या साली सुतारभाऊंच्या हाताला महिनाभर खाज होती. फुलावर यायच्या आत उपटायचं, एवढा एकच नियम. १९५०च्या दशकात हे पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आता नाही असा तालुका सापडणार नाही. पण तरोटा दाट आहे तिथे ते दबून राहतं. हे पुस्तकातही आहे आणि आमच्या पूर्वेच्या कोपऱ्यातही. काका म्हणतात तसं, ज्याची भाजी होते ते राहू द्यायचं.

३ जुलै

टिटवीची पिल्लं निघाली. चारातली तीन. निघाल्या निघाल्या पळतात. आई ओरडली की जिथे असतील तिथे माती होतात. स्टेजची जागा मोकळी झाली, ही गंमत बैठकीत सांगायची की नाही ते बघू.

९ जुलै, बुधवार

काल रात्रीपासून थांबलेला नाही. नाल्यावरचा रपटा पाण्याखाली, दूध आलं नाही, एसटी आली नाही, वीज पहाटे चारला गेली.

मागाच्या खड्ड्यात पाणी भरलं. खिडकीखालच्या कोपऱ्यातून झिरपत होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणजे माझ्या. रात्री कुलूप लावायला मीच गेले होते. बाबाजी सकाळी आले तर पावड्या तरंगत होत्या. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. बादल्यांनी उपसायला सहा माणसांना अडीच तास लागले. ताणा वर होता म्हणून वाचला, फणीला गंज धरू नये म्हणून ती काढून खोबरेल लावलं. खड्ड्याच्या भिंती मातीच्या; एक बाजू ढासळली आहे.

संध्याकाळी छत्री घेऊन पडीताकडे गेले. भाजीच्या वाफ्यांत गुडघाभर पाणी, पालक संपला. पडीतातून मात्र पाणी सावकाश, नितळ निघत होतं. बांधाच्या या बाजूला चहाच्या रंगाचं आणि त्या बाजूला पाण्याच्या रंगाचं. गवताच्या मुळांनी माती धरून ठेवली आहे, बाकी काही नाही. मोबाइलवर फोटो काढला. या वहीतला पहिला पुरावा म्हणता येईल असा हाच.

२४ जुलै

विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींची अकरा घरटी, बरीचशी अर्धवट. बाबाजी दुपारी तिथेच खुर्ची टाकून बसतात. नर पडीतातल्या उंच गवताच्या पात्याला चोचीने खाच पाडतो, टोक धरून उडतो, आणि पात्याची लांब चिरी सोलून निघते. गाठी मारत, गुंफत अर्धं घरटं झालं की मादी येऊन बघते. पसंत पडलं तर पुढचं काम. नाहीतर ते अर्धं तसंच लटकत राहतं.

“माह्या बापानंही असंच शिकवलं. अर्धा पंचा विणून दाखव, मंग बोल,” बाबाजी म्हणाले. मी विचारलं, नापास झाल्यावर काय करायचे? “दुसरा विणाचा. आनखी काय?”

खड्ड्याची भिंत विटांनी बांधून झाली.

५ ऑगस्ट, मंगळवार

विश्वस्तांच्या कार्यालयातून ‘केंद्राचा दिनक्रम’ मागवला आहे. तक्ता पाठवते, पण आजचा दिवस जसा गेला तसा इथे लिहून ठेवते.

साडेपाचला काकांनी कुंपणाच्या तारेत वीज सोडणारं झटका मशीन बंद केलं आणि कुंपणाभोवती फेरी मारली. रात्री रोही, म्हणजे नीलगाई, येऊन गेले. वालाचे दोन वेल खाल्ले, झेंडूला तोंड लावलं नाही. सात वाजता तर्री-पोहे. आठला सुतारमांडवात करवत सुरू. पोळा अडीच आठवड्यांवर आहे आणि शाळेसाठी साठ लाकडी बैल करायचे आहेत. सागाचे तुकडे फर्निचरवाल्यांकडून किलोवर आणलेले, चाकं कडुनिंबाची. सुतारभाऊंची तक्रार की मुलं शिंगांना फार घासतात.

दहाला चित्रकला महाविद्यालयातली मुलगी छत्री, स्टूल आणि वही घेऊन पडीतात. ती इथे राहायला आली आहे. पहिल्या दिवशी तिने चार खुंट्या ठोकून सुतळीने एक मीटरचा चौकोन आखला, आणि तेवढ्यातलंच चित्र रोज काढते. मला वाटलं होतं दोन दिवसांत कंटाळेल. आज २३ प्रकार झाले : मारवेल, पवन्या, कुसळ, कुंदा, हरळी, केना, माका, लाजाळू, दगडीपाला, विष्णुक्रांताचं निळं ठिपक्याएवढं फूल, तरोटा, त्याखाली तीन अशी ज्यांची नावं तिला, मला, काकांना कोणालाच येत नाहीत. तरोट्याच्या पानामागे पिवळ्या फुलपाखराची अंडी होती, शिताएवढीही नाहीत. तिने ती भिंगातून काढली.

दुपारी वीज नाही. रंगाच्या मडक्यात लोखंडी पाणी ढवळलं : गंजके खिळे, गूळ, पाणी, आज सतरावा दिवस. फेस बसला आहे आणि वास असा की मावशींनी मडकं स्वयंपाकघरापासून आणखी वीस पावलं लांब नेलं. हिरड्यात भिजवलेल्या कापडावर थेंब टाकला. डोळ्यांदेखत पिवळट कापड काळं झालं. शाळेची मुलं असती तर ओरडली असती. आम्ही तिघी होतो, आम्हीही ओरडलो.

चारला पाऊस. पाचला हिशेब. सहाला फोन : लग्नाच्या आधीचे फोटो काढायला जागा मिळेल का, झोपाळा आहे का. झोपाळा नाही, गवत आहे, म्हटलं. त्यांनी ठेवला.

आठला आलूवांगं, भात. वर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाकला होता, आणि पुण्याहून आलेले पाहुणे ‘सांबार’ म्हटल्यावर वाटी शोधत बसले.

२२ आणि २३ ऑगस्ट

पोळा. गावात आता बैलजोड्या सहाच उरल्या, ट्रॅक्टर चौदा. तरी काल संध्याकाळी खांदशेकणी झाली, बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळून उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. आज तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, रंगल्या. दोन म्हाताऱ्यांत झडत्यांची जुगलबंदी लागली आणि एकाने मधेच सोयाबीनच्या भावावर झडती जुळवली. चित्रकलेची मुलगी रेकॉर्ड करत होती, पण हसून हसून तिचा हात हलला.

दुसऱ्या दिवशी पहाटे अजून अंधार असताना गावातून आरोळी, “घेऊन जा गे मारबत!” दारात खोवलेल्या पळसाच्या फांद्या लोकांनी उपटून शिवेबाहेर नेल्या. आमच्या दारातल्या काकांनी नेल्या आणि खोकला, रोही, वानर, सगळ्यांची नावं घेतली. मी मनात लॉनचंही नाव घेतलं, ते लिहून ठेवते. नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, निघतात त्याची गर्दी मी लहानपणी महाल भागात पाहिली आहे. १८८०च्या दशकापासूनची ती मिरवणूक, बडग्यांवर, म्हणजे सोबतच्या पुतळ्यांवर, त्या-त्या वर्षीचा राग लिहिलेला. इथे बडगा नाही, राग तोंडीच.

तान्हा पोळा दुपारी, पडीताच्या कडेला. साठ बैल. एकाचं चाक रस्त्यातच निघालं. त्या पोराने बैल काखेत मारला आणि इतर कोणाहून जास्त घरं फिरला. बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारी ओवाळणी, त्याला सर्वांत जास्त मिळाला, बहुतेक दयेचा. सुतारभाऊंना ते चाक फार लागलं. रात्री जेवले नाहीत.

७ सप्टेंबर, रविवार

भाद्रपद पौर्णिमा. भुलाबाई बसल्या, आणि आजच खग्रास चंद्रग्रहण. मावशींनी दुपारनंतर चूल पेटवायला साफ नकार दिला. ग्रहणाचा वेध लागला म्हणजे लागला. मग भुलाबाईच्या खाऊचं काय? आधीच करून ठेवलेला डबा तुळशीचं पान टाकून झाकला. मुलींनी गाणी म्हटली, मग डबा वाजवून खाऊ ओळखणं. गोड की तिखट, गोल की चपटा. पाऊण तासाने हरल्या. पातोडी होती. डबा वाजणारच नव्हता.

रात्री अकराला ग्रहण पूर्ण लागलं. आम्ही सतरंज्या पडीताच्या कडेला टाकल्या होत्या. ढग येत-जात होते, पण दोन-तीनदा मोकळं झालं आणि तांब्याच्या जुन्या गडव्यासारखा चंद्र दिसला. मावशी आत बसून होत्या. बारानंतर त्याही बाहेर आल्या, “पाहाले काय होते,” म्हणत.

२८ सप्टेंबर

गावचे गायकी आज भेटायला आले. आखरावरची चाळीसेक गुरं तेच राखतात. म्हणणं स्पष्ट : “कुसळ निसवाच्या आंदी कापा जी. निसवलं का गुराच्या तोंडाले टोचते. मंग काय कामाचं?” निसवणं म्हणजे तुरा येणं. त्यांचं बरोबर आहे. पण आत्ता सगळं कापलं तर बी पडणार नाही, आणि पवन्यासारखी चांगली गवतं वर्षागणिक कमी होत जातील. काका गायकींच्या बाजूने, मुलगी माझ्या. दीड तास चहा आणि बोलणं. शेवटी मधोमध दोरी आखली. उत्तरेचा अर्धा भाग आता कापायचा, गवत त्यांचं निम्मं आमचं निम्मं. दक्षिणेचा बी झडेपर्यंत तसाच. पुढच्या साली उलट.

दक्षिणेकडच्या कोपऱ्यात काही कुसळं लवकर पिकली होती, ती शनिवारच्या मुलांसाठी आणली. एकेकाला एक कुसळ आणि बशीत पाण्याचा थेंब. कुसळाच्या शेपटाला दोरीसारखा पीळ असतो. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्याने खालचं टोक मातीत शिरतं. उलट्या लवेमुळे परत बाहेर येत नाही. बशीत ते घड्याळाच्या काट्यासारखं फिरायला लागलं तेव्हा एक मुलगा टेबलाखाली बघून आला, कोणी दोरा ओढतंय का म्हणून. त्यानंतरचा तास कोणाला काही सांगावं लागलं नाही. पंचवीस वर्षं मी ‘निसर्गचित्र’ म्हणून डोंगर-सूर्य-नारळ काढून घेतलं, नागपूरच्या मुलांकडून, नारळ.

६ ऑक्टोबर

कोजागिरी. कापलेल्या भागात भुलाबाईंची पाठवणी, चाळीस लिटर दूध, दंडारवाल्या मंडळींनी ढोलकी आणली. चंद्र ढगाआड, कोणाचं अडलं नाही.

गवताच्या पेंढ्या ६१२. आमच्या वाट्याच्या ३०६, शेडमागे गंजी रचली. वानर तिच्यावर बसतात.

१ नोव्हेंबर

आवा लागला. गाळमातीत लीद आणि चाळलेली राख घातलेला माल दसऱ्यापासून वाळत होता : माठ, पणत्या (दिवाळीच्या मुहूर्ताला चुकलेल्या, त्या आता तुळशीच्या लग्नाला), मुलांची बावीस भांडी. खाली गोवऱ्या, मग माल, मग परत गोवऱ्या, आणि वर आमच्या पडीतातल्या गवताचा जाड थर, त्यावर मातीचा पातळ लेप. मी म्हटलं, धानाचं तणस गावात फुकट मिळतं, गवत कशाला? कुंभारभाऊ म्हणाले, तणसाची राख लवकर बसते. या गवताची चादरीसारखी टिकते आणि आतली आच धरून ठेवते. “थंड हवा एकदम शिरली का भांडं बोलते.” बोलणं म्हणजे तडकणं.

पहाटे उघडला. मुलांची बावीसपैकी चार बोलली. पैकी तीन पोटाशी जाड होती, आतली ओल निघालीच नव्हती, वाफेने फोडली. बाकी माल टणटणीत. चाळीस माठांतला एक अर्धा लाल, अर्धा काळा निघाला, गवताच्या धुराचा पट्टा त्याच्यावर तसाच उमटलेला. तो विकायचा नाही असं भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, नाहीतरी कोणी घेतलाच नसता.

९ नोव्हेंबर, रविवार

बैठक पडीताच्या बांधावर घेतली, मुद्दाम. वही पुढे ठेवली. सोबत जुलैच्या दोन्ही पाण्यांचा फोटो, मीटरभर चौकोनाची ४१ चित्रं, आव्याचा हिशेब, गवताचा हिशेब. लॉनच्या पंधरा लग्नांपुढे हा हिशेब कमीच भरतो, ते मी स्वतःच आधी सांगितलं. एका विश्वस्तांनी विचारलं की मग ४१ चित्रांचं प्रदर्शन नागपुरात करता येईल का. येईल. दुसऱ्यांनी विचारलं की उत्तरेच्या कापलेल्या अर्ध्यावर तरी मंडप टाकता येईल का, डिसेंबर-जानेवारीत, गवत नसताना. यावर काका माझ्याआधी बोलले : “टाका जी. पन खड्डे नका खंदू, अन् रोलर नका फिरवू.” मी गप्प बसले. विचार करण्यासारखं आहे. विषय मार्चपर्यंत पुढे ढकलला.

लॉनवाले विश्वस्त निघताना दक्षिणेच्या भागातून सरळ गाडीकडे गेले, पायवाट सोडून. गाडीपाशी थांबले, वाकले, आणि मग दाराच्या कठड्यावर बसून मोज्यांतली कुसळं एकेक करून उपटू लागले. दहा मिनिटं झाली तरी तेच. मी पाणी घेऊन गेले तर त्यांनी एक कुसळ बोटावर धरलेलं.

“हे फिरते का हो?” त्यांनी विचारलं.

मी ग्लासात बोट बुडवून त्यावर एक थेंब टाकला.

उद्याची कामं : दक्षिणेच्या कडेने जाळरेषा, म्हणजे आग अडवायची मोकळी पट्टी, काढायला चार माणसं. झटका मशीनची बॅटरी. उरलेल्या पणत्या, शंभर, आज संध्याकाळच्या एसटीने गेल्या. पैसे यायचे आहेत. शेडची भेग उघडायला लागली आहे, ठेकेदाराला लगेच फोन.